धूर आहे, पण अग्नी कुठे? युरेनियमचा शोध आणि अनुमानाची शिस्त

आजचा विषय वाचून काहींच्या मनात शंका आली असेल. जन्मभर तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवणाऱ्यांनी युरेनियमवर का बोलावं? हे काम भूवैज्ञानिकांचं नाही का? आहेच. दगड फोडायचा कसा, बोअर घ्यायचा कुठे, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. पण जमिनीखाली तीनशे मीटरवर काय आहे, हे कोणीही डोळ्यांनी पाहिलेलं नसताना 'तिथे युरेनियम आहे' असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा ते विधान कशाच्या बळावर उभं असतं? हा ज्ञानाचा प्रश्न आहे. आणि तो आमच्या हद्दीत येतो.

दुसरं कारण जवळचं आहे. बेळगाव जिल्ह्यात बैलहोंगल तालुका आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी तिथेच. त्या तालुक्यातल्या देशनूर परिसरात केंद्र सरकारच्या परमाणू खनिज संचालनालयाने, म्हणजे एएमडीने, युरेनियमच्या खुणा नोंदवल्या आहेत. तिकडे यादगीर जिल्ह्यात शहापूरजवळ गोगी नावाचं गाव आहे. विजापूरच्या पहिल्या आदिलशाही सुलतानांच्या कबरी तिथल्या दर्ग्याच्या आवारात आहेत. त्या गोगीत तर शोध पुढच्या टप्प्यावर जाऊन जमिनीखाली शोधखाणही खोदली गेली. म्हणजे विषय कोल्हापूरपासून फार दूर नाही. अशा बातम्या आल्या की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, 'घबाड सापडलं.' दुसरा म्हणतो, 'आता गाव संपलं.' दोघांनीही मधल्या पायऱ्या गाळलेल्या असतात. त्या पायऱ्या आज आपण एकेक करून चढूया.

जुन्या खाणींकडेच आधी का जातात?

युरेनियम शोधायला निघालेला माणूस नव्या रानात क्वचित जातो. तो आधी जुन्या खाणी कुठे होत्या ते विचारतो. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोव्ह गावाचं. जर्मन भाषेत त्याचं नाव योआखिम्सथाल. १५१६ मध्ये तिथे चांदी सापडली. त्या चांदीची नाणी 'थालर' म्हणून युरोपभर फिरली, आणि आजचा 'डॉलर' हा शब्द त्या थालरचाच वंशज. त्या चांदीच्या शिरांबरोबर खाणकामगारांना एक काळा, जड, डांबरासारखा दिसणारा दगड लागायचा. तो लागला की चांदी संपत आली असं ते समजायचे. त्याला त्यांनी नाव दिलं पेखब्लेंडे. 'पेख' म्हणजे डांबर, पण बोलीत त्याचा अर्थ दुर्दैव असाही होतो. 'ब्लेंडे' म्हणजे चकवणारा दगड. तो बाजूला फेकून दिला जायचा.

१७८९ मध्ये क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अशाच काळ्या दगडात एक नवं मूलद्रव्य ओळखलं. आठच वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याने त्याचं नाव युरेनियम ठेवलं. पुढे शंभर वर्षं त्याचा मुख्य उपयोग काय, तर काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना पिवळा-हिरवा रंग देणं. रंगासाठी युरेनियम काढून घेतलं की उरलेला चोथा याखिमोव्हजवळच्या पाइनच्या रानात टाकून देत. १८९८ मध्ये पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी पोलोनियम आणि रेडियम ही दोन मूलद्रव्यं असल्याचं जाहीर केलं, आणि रेडियम प्रत्यक्ष वेगळं काढण्यासाठी त्यांनी मागवला तो हाच चोथा. पाइनच्या काटक्या-पानांसकट पोत्यांत भरून तो पॅरिसला आला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला ती लागणार आहे: युरेनियम काढून घेतलेला तो चोथा, तरीही किरणोत्सार भरपूर.

आता भारतात या. आजच्या झारखंडमधला सिंहभूमचा पट्टा हा तांब्याचा पट्टा. किती जुना? व्हॅलेंटाइन बॉल या आयरिश भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकातच तिथल्या प्राचीन खाणकामाच्या खुणा आणि धातूच्या मळीचे ढीग यांचं वर्णन करून ठेवलं होतं. विसाव्या शतकात इंडियन कॉपर कॉर्पोरेशनने घाटशिला-मोसाबनी भागात मोठं काम उभं केलं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये अणुखनिजांच्या शोधासाठी वेगळं पथक उभारलं गेलं, ज्याची पुढे एएमडी झाली. त्याची सूत्रं दाराशा नोशेरवान वाडिया यांच्याकडे होती. हे पथक सिंहभूमच्या तांब्याच्या पट्ट्यात गेलं आणि १९५१ मध्ये जादूगोडाचा साठा सापडला. १९६७ मध्ये युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. पुढची अनेक वर्षं देशाचं युरेनियम इथूनच आलं. एवढंच नाही, मोसाबनी, राखा, सुरदा इथल्या तांब्याच्या कारखान्यांच्या गाळातूनही युरेनियम वेगळं काढलं गेलं. म्हणजे इथेही एकाचा चोथा तो दुसऱ्याचा माल ठरला.

असं का होतं? कारणं तीन आहेत. पहिलं, खाण म्हणजे आयतं उघडं पुस्तक. जमीन कोणीतरी आधीच फोडून ठेवलेली असते, बाहेर ढीग पडलेले असतात, नकाशे झालेले असतात. दुसरं, कातळातल्या भेगांमधून कोट्यवधी वर्षांपूर्वी जे गरम पाणी वाहिलं, ते एकटं तांबं किंवा एकटी चांदी घेऊन वाहत नव्हतं. एका वाटेने अनेक धातू आले आणि त्याच भेगांत बसले. तिसरं कारण पाण्याच्या स्वभावाचं. प्राणवायू असलेल्या पाण्यात युरेनियम सहज विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. वाटेत जिथे प्राणवायू संपतो, कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळे असो किंवा लोह-गंधकाच्या खनिजामुळे असो, तिथे ते विरघळलेलं राहू शकत नाही आणि थबकून बसतं. म्हणून भूवैज्ञानिक दोन कातळांच्या सांध्यावर, भेगांवर, भ्रंशावर नजर ठेवतो.

पण सावध. तांब्याची प्रत्येक खाण युरेनियम देत नाही. 'जिथे तांबं तिथे युरेनियम' ही व्याप्ती खरी नाही. जुनी खाण फक्त एवढंच सांगते की इथे विचारायला जागा आहे. उत्तर ती देत नाही.

यंत्र टिकटिकतं ते कशामुळे?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गळ्यात यंत्र अडकवून भूवैज्ञानिक शेताच्या बांधावरून चालतो आहे आणि यंत्र टिकटिकू लागतं. बघणारे म्हणतात, 'सापडलं!' काय सापडलं?

एक तर यंत्र कुठेही टिकटिकतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या ग्रॅनाइटजवळ धरा, टिकटिकेल. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम असतं, थोडं थोरियम असतं, दर दहा लाख भागांत तीन-चार भाग युरेनियमही असतं. आपला काळा कातळ, बसाल्ट, त्या मानाने फार गरीब. त्यात युरेनियम सहसा दहा लाखांत एक भागाहूनही कमी. म्हणजे टिकटिक ही बातमीच नव्हे. किती वाढली आणि कशामुळे वाढली, ही बातमी.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. यंत्र ऐकतं ते युरेनियम नव्हेच! युरेनियम स्वतः जवळजवळ गप्प असतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. ते संथपणे बदलत जातं, आणि त्याच्यापासून एक लांबलचक वंशावळ निघते. त्या वंशात पुढे रेडियम येतं, अर्धायुष्य १६०० वर्षं. रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू, अर्धायुष्य ३.८ दिवस. रेडॉनच्या पुढच्या पिढीत बिस्मथ-२१४ येतं, आणि जोरकस गॅमा किरण सोडतं ते हे बिस्मथ. आपलं यंत्र पणतवंडाचा आवाज ऐकतं आणि त्यावरून खापरपणजोबा घरात आहेत असं अनुमान करतं.

हे अनुमान बरोबर केव्हा? खापरपणजोबा आणि पणतवंड एकाच घरात नांदत असतील तेव्हा. दगड दहा लाख वर्षांहून अधिक काळ बंदिस्त राहिला, कोणी आत आलं नाही, कोणी बाहेर गेलं नाही, तर वंशावळीत एक समतोल तयार होतो. त्या समतोलात बिस्मथ मोजलं की युरेनियमचा आकडा काढता येतो.

इथे आम्हांला आमचं घर आठवतं, न्यायशास्त्र. विद्यार्थ्यांना अनुमान शिकवताना पहिलं उदाहरण ठरलेलं असतं. डोंगरावर धूर दिसतो आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य, आणि जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती. आपण घरीदारी म्हणतोच, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. पण नैयायिक एवढ्यावर थांबले नाहीत. ते उलट बाजूने विचारतात: अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे का? नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडी गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ही जी लपलेली अट, तिला ते उपाधी म्हणतात. आणि धूर आहे पण अग्नी नाही, असं होऊ शकतं का? न्यायाच्या चर्चेत गुराख्याच्या मडक्यातल्या धुराचं उदाहरण येतं. मडक्यात धूर कोंडून ठेवला. अग्नी विझला किंवा दूर राहिला. धूर मात्र अजून मडक्यात आहे.

युरेनियमच्या शोधात या दोन्ही गोष्टी रोज घडतात. पाण्याबरोबर वाहत येऊन युरेनियम अलीकडच्या काळात, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात अलीकडे, कुठे तरी बसलं असेल, तर त्याची वंशावळ अजून वाढलेली नसते. युरेनियम आहे पण यंत्र शांत. हा लोखंडी गोळा. उलट, जमिनीच्या वरच्या थरातून पावसाच्या पाण्याने युरेनियम धुऊन नेलं, रेडियम मात्र मागे राहिलं, तर यंत्र जोरात बोलतं आणि दगड प्रयोगशाळेत पाठवला की युरेनियम नाममात्र निघतं. हे मडक्यातलं धुराचं प्रकरण. भूवैज्ञानिक याला असमतोल म्हणतात. आम्ही म्हणतो, उपाधी राहून गेली. शब्द वेगळे, शिस्त तीच.

अनुमान पक्कं कसं होतं?

म्हणून जाणता भूवैज्ञानिक एका खुणेवर विसंबत नाही. त्याच्या कामाच्या पायऱ्या पाहा.

आधी विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून मोजणी. यात नुसती टिकटिक मोजत नाहीत, किरणांची शक्ती मोजून पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियमची वंशावळ असे तीन आवाज वेगळे करतात. मर्यादा अशी की गॅमा किरण खडकाच्या जेमतेम वरच्या अर्ध्या मीटरमधूनच बाहेर येऊ शकतात. विमानाला दिसते ती जमिनीची कातडी, पोट नाही.

मग पायी फिरणं. दगडांचे नमुने, ओढ्यातला गाळ, विहिरींचं पाणी, मातीतला रेडॉन. नमुन्यांचं रासायनिक पृथक्करण होतं, म्हणजे आता पणतवंडाला नव्हे, खुद्द खापरपणजोबांनाच गाठलं जातं.

मग बोअर. बोअरमधून दगडाचा अखंड दंडगोल बाहेर काढतात आणि त्याच भोकात यंत्र सोडून गॅमा मोजतात. दोन्ही आकडे ताडून पाहतात. एक बोअर लागला म्हणजे साठा झाला असं नव्हे. ठरावीक अंतरांवर बोअरची जाळी टाकतात, मधल्या जागेत काय असेल याचा अंदाज बांधतात, आणि जाळी जितकी बारीक तितका अंदाज पक्का.

त्यानंतर कधी शोधखाण. आणि त्याही नंतर हिशेब: खणणं परवडेल का, पाणी कुठून येणार, चोथा कुठे जाणार.

एवढ्या पायऱ्यांतून बहुतेक जागा गळून पडतात. म्हणून आपण चार शब्द वेगळे ठेवायला शिकलं पाहिजे: खूण, साठा, खाण, आणि न्याय. खूण सापडणं म्हणजे साठा असणं नव्हे. साठा असणं म्हणजे खाण होणं नव्हे. आणि खाण झाली, कायद्याने झाली, तरी न्याय झाला असं आपोआप होत नाही. वर्तमानपत्रातला मथळा पहिल्यावरून एकदम तिसऱ्यावर उडी मारतो. आपण मारायची नाही.

आपल्या पायाखाली काय आहे?

कोल्हापूरच्या बहुतेक भागावर बसाल्टचे थर आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. पन्हाळा त्यांच्यावर उभा आहे. हे थर किती जाड? कोयना परिसरात संशोधनासाठी खोल बोअर घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरच्या आसपास बसाल्ट संपून खाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा पुराणा कातळ लागला. त्या कातळात काय दडलं आहे याची चाहूल विमानातल्या यंत्राला लागणं शक्य नाही. मध्ये सव्वा किलोमीटरचं झाकण आहे.

आपल्याकडे खाणकाम नाही असं नाही. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीच्या पठारावरचं बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिनियम कारखान्याला गेलं. पण ते बॉक्साइट वरच्या थराचं, ऊन-पावसाने कातळ कुजून तयार झालेलं. त्याचा आणि युरेनियमचा संबंध जोडायचं काही कारण नाही.

दक्षिणेला मात्र झाकण पातळ होतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिंधुदुर्गात आणि मग बेळगाव-बागलकोटकडे, बसाल्टच्या कितीतरी आधीचे वालुकाश्म उघडे पडतात. गोकाकचा धबधबा ज्यावरून कोसळतो आणि बदामीची लेणी ज्यात कोरली, ते हे दगड. भूवैज्ञानिक या सगळ्या प्रदेशाला कलादगी-बदामीचं खोरं म्हणतात. हे वालुकाश्म ज्या कातळावर पसरले तो त्यांच्याहूनही फार पुराणा. दोघांच्या मधल्या सांध्यात कोट्यवधी वर्षांचा काळ गायब आहे, म्हणजे त्या काळाचा दगडच शिल्लक नाही. कॅनडातल्या अथाबास्का खोऱ्यात अशाच सांध्यालगत जगातले सर्वांत समृद्ध साठे सापडले. तिथल्या काही खाणींत शंभर किलो दगडात दहा किलोहून जास्त युरेनियम निघतं. देशनूरकडे नजर गेली ती या सांध्यामुळे. गोगीची गोष्ट शेजारच्या भीमा खोऱ्याची. तिथे ग्रॅनाइट आणि चुनखडक एका भ्रंशाजवळ भेटतात.

पण 'कॅनडात आहे, सांधा सारखा आहे, म्हणून इथेही तेवढंच असेल' हे अनुमान नव्हे, हे उपमान. साम्यावरून दिशा मिळते, प्रमाण मिळत नाही. भारतातले बहुतेक साठे फार विरळ आहेत. जादूगोडासारख्या ठिकाणी एक टन दगडात अर्धा-पाऊण किलोच्या आसपास युरेनियम. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता आपण उलट प्रश्न विचारणार आहोत. टनातून अर्धा-पाऊण किलो काढलं. उरलेलं कुठे गेलं?

मडक्यातला धूर गावाच्या वाट्याला

दगड दळून त्याचं पीठ करतात, आम्लाने किंवा क्षाराने युरेनियम विरघळवून घेतात, आणि उरलेला गाळ नळीतून मोठ्या तळ्यात सोडतात. त्याला टेलिंग पाँड म्हणतात. टनामागे जवळजवळ सगळाच्या सगळा टन तिथे जातो. आणि त्यात काय असतं? युरेनियम बहुतेक काढून घेतलेलं असतं, पण त्याची वंशावळ, थोरियम-२३० आणि रेडियम, बहुतांशी गाळातच राहते. मूळ दगडातल्या किरणोत्साराचा सुमारे ८५ टक्के भाग या गाळात शिल्लक असतो.

आता याखिमोव्हच्या रानातला चोथा आठवा. युरेनियम नाही, किरणोत्सार भरपूर. भूवैज्ञानिकाला चकवणारा धुतलेला दगड आठवा. युरेनियम नाही, यंत्र जोरात. आणि हे तळं बघा. तीन ठिकाणी एकच गोष्ट आहे, गुराख्याच्या मडक्यातला धूर. शोधाच्या पहिल्या दिवशी ज्या असमतोलामुळे भूवैज्ञानिक फसू नये म्हणून काळजी घेतो, तोच असमतोल खाण संपल्यावर माणसाने स्वतःच्या हाताने तयार केलेला असतो, लाखो टनांच्या हिशेबात. अग्नी रेल्वेने आणि ट्रकने दूर गेला. धूर गावात राहिला. थोरियम-२३० चं अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षं आहे, आणि तोवर ते नवं रेडियम तयार करतच राहणार.

याचा अर्थ तळ्याकाठी उभा राहिलेला माणूस लगेच आजारी पडतो असा नाही. धोका किती, हे अंतरावर, काळावर, रेडॉनवर, धुळीवर आणि पाण्यात काय उतरतं यावर ठरतं. गाळ झाकलेला, ओला, बांधलेला असेल तर धोका आटोक्यात ठेवता येतो. पण 'युरेनियम तर आम्ही काढून नेलं, आता उरली माती', हे वाक्य कोणी उच्चारलं तर त्यातला दोष आपल्याला दाखवता आला पाहिजे.

खाणीच्या आतला धोका तर जुना आहे. याखिमोव्हपासून डोंगरापलीकडे सॅक्सनीत श्नेबर्ग आहे. तिथले खाणकामगार शतकानुशतकं छातीच्या रोगाने लवकर मरत. १८७९ मध्ये दोन डॉक्टरांनी तो फुप्फुसातला घातक अर्बुद आहे हे दाखवलं. तेव्हा किरणोत्सार हा शब्दही नव्हता. रेडॉनचा संबंध पुढे कळला. खाणीत हवा खेळती ठेवण्याचे नियम त्यातून आले.

आप्त कोण?

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हांला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गावातल्या माणसाजवळ स्पेक्ट्रोमीटर नसतो. त्याला प्रत्यक्ष नाही, अनुमानाची साधनं नाहीत. त्याच्यापुढे उरतं शब्दप्रमाण, म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावर विश्वास. मग कोणाच्या?

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी आप्ताचं लक्षण सांगितलं आहे. ज्याने वस्तू नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे ते म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. विचार करा, किती धीट विधान आहे! आप्तपण पदवीत नाही, पदात नाही, जातीत नाही. दोन अटी: जाणणं, आणि जसंच्या तसं सांगण्याची इच्छा.

या दोन अटींवर जादूगोडाचा इतिहास तपासा. गाळाच्या तळ्यांजवळच्या आदिवासी वस्त्यांतून १९९० च्या दशकात तक्रारी वाढल्या, संघटना उभी राहिली, सर्वेक्षणं झाली. सरकारी बाजूने वेगळी सर्वेक्षणं आली आणि त्यांचे निष्कर्ष उलट होते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. वाद मात्र मिटला नाही. तो का मिटत नाही? जाणण्याची अट शास्त्रज्ञ पूर्ण करतात, पण १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती रोखून धरण्याला मोठी जागा दिली. गुप्तता आली की दुसऱ्या अटीविषयी संशय येणारच, सांगणारा कितीही प्रामाणिक असो. उलट बाजूला गावकऱ्याला सांगण्याची इच्छा असते, पण एखाद्या आजाराचं कारण कोणतं हे केवळ अनुभवाने कळत नाही. तिथे पहिली अट कमी पडते. पण काही गोष्टी गावकऱ्यालाच आधी कळतात. २००६ च्या डिसेंबरात गाळ वाहून नेणारी नळी फुटली आणि गाळ ओढ्यात शिरला. त्या वेळच्या बातम्यांनुसार ते आधी लक्षात आलं गावकऱ्यांच्या. त्या क्षणी आप्त तेच होते.

म्हणून आम्ही या वादात कोणाच्या बाजूने उभे राहा असं सांगत नाही. वीज सगळ्यांना हवी आहे, कोळशाचा धूरही आपण पाहतो आहोत. उद्या देशनूरला किंवा आणखी कुठे शोधाचं पथक आलं, तर ग्रामसभेत शांतपणे काही प्रश्न विचारायचे आहेत, एवढंच. हे प्रश्न शेतकऱ्यालाही विचारता येतील आणि शास्त्रज्ञालाही आवडतील.

तुम्ही सांगता तो आकडा गॅमाचा आहे की रासायनिक पृथक्करणाचा? दोन्ही ताडून पाहिले आहेत का? आत्ता तुमच्या हातात काय आहे: खूण की साठा? बोअर झाल्यावर भोक बुजवणार कसं, की वरचं आणि खालचं पाणी एक होणार नाही? गावातल्या विहिरींचं पाणी काम सुरू होण्याआधी तपासून त्याचे आकडे पंचायतीकडे देणार का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. ग्रॅनाइटच्या प्रदेशात विहिरीच्या पाण्यात निसर्गतःच युरेनियम असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सुचवली आहे. खाणीआधीचा आकडा लिहून ठेवलेला नसेल, तर खाणीनंतर वाढ झाली की नाही हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. गावाला नाही, कंपनीलाही नाही. मग उरतो तो आरडाओरडा. आणि एक प्रश्न खाणीच्या बाबतीत अगदी पहिल्या दिवशी: गाळ कुठे ठेवणार, आणि खाण बंद झाल्यावर त्याची राखण कोण करणार, किती वर्षं?

या प्रश्नांना भूशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती फक्त पायरी न गाळण्याची सवय. शाळेत न्यायशास्त्राचं नावही न ऐकलेली आजी चुलीपुढे बसून हीच सवय पाळत असते. धूर झाला की ती नुसतं 'आग लागली' म्हणून ओरडत नाही, आणि 'काही नाही' म्हणून बसूनही राहत नाही. उठते, सरपण ओलं आहे का बघते. आपणही बघूया.